शेऱ्यांचा रकाना

४ मार्च, मंगळवार

प्रिय मामा,

नमस्कार, आणि मामीलाही. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून मध्येच थांबावं लागतं का? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही पायाला न बांधता खुंटीला टांगून ठेवला असणार, हे मला इथे बसूनही दिसतं आहे.

तुम्ही फोन उचलत नाही. तीनदा केला. तिसऱ्यांदा मामीनं उचलला आणि म्हणाली, "ते आंघोळीला गेलेत." दुपारी चार वाजता. मामी खोटं बोलायला लागली की तिचा आवाज एकदम गोड होतो. म्हणून पत्र लिहिते आहे. फोन वाजून वाजून बंद पडतो, पत्र निदान टेबलावर पडून राहील.

मी बरी आहे. खोली तीच. खाली कपडे धुण्याचं दुकान आहे ना, तिथली बाई रोज मला जिन्यात अडवते. तिला वाटतं की मी पाणीखात्याच्या विक्रीचं काम केलं म्हणजे पाण्याची वेळ माझ्या हातात आहे. पूर्वी पाणी सकाळी सहाला यायचं, आता साडेदहाला येतं, तेही बारीक. दुपारच्या आत कपडे धुऊन होत नाहीत, वाळत नाहीत, गिऱ्हाईक ओरडतं. कामाच्या दोन बायका तिनं कमी केल्या. काल म्हणाली, "तुमच्या मामाचं खातं होतं तेव्हा तक्रार करायला गेलं की कुणी मान वर करून बघायचं नाही. आता फोन पहिल्या घंटीला उचलतात, काय गोड बोलतात! फक्त पाणी येत नाही." मी हसले. मग दिवसभर वाटत राहिलं की हसायला नको होतं.

टेकडीपलीकडच्या वस्तीत मात्र पाणीखातं विकत घेतलेल्या कंपनीनं पहिल्यांदाच नळ नेले. ते मी मुद्दाम जाऊन बघून आले. एक बाजू लिहून दुसरी लिहिली नाही तर मला झोप लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

माझी नोकरी चालू आहे. पाणीखातं झालं, आता सरकारनं बसची आगारं विकायला काढली आहेत. पुन्हा आमच्याच कंपनीला यादीचं काम मिळालं. जॅक, छपरं, दुरुस्तीचे खड्डे, वाहकांच्या खोलीतले बाक. बाकसुद्धा मोजतो. प्रत्येक वस्तूचं वय लिहायचं, स्थिती लिहायची, मग वरची माणसं किंमत लावतात. रेडिओवर मंत्री म्हणत होते की विक्रीतून आलेल्या पैशानं सरकारची तूट भरून निघाली. असेल. मला त्यातलं कळत नाही. मला बाक कळतात.

आता त्या गोष्टीबद्दल.

मी १८ फेब्रुवारीच्या दुपारी आगारातच होते. संध्याकाळी बातमी कळली. शाळेच्या कोपऱ्यावर खालच्या लाईनचा सांधा दुरुस्त करत असताना वरच्या टाकीचं पाणी एकदम खालच्या लाईनमध्ये शिरलं, खड्डा ढासळला आणि आत उतरलेला जोडारी दगडमातीखाली सापडला. तीन गल्ल्यांत गुडघाभर पाणी. तो जिवंत आहे. मी चौकशी करत असते. खुबा आणि एक पाय, दोन ठिकाणी.

मामीनं सांगितलं की तुम्हाला चौकशीचं पत्र आलं आहे आणि तोवर पेन्शन अडकवून ठेवली आहे. आणि पाणीकंपनीचं म्हणणं असं की तुम्ही राग धरून माहिती लपवलीत. निरोपाच्या दिवशी तुम्ही हसत हसत "आता माझ्याशिवाय एक नळ उघडून दाखवा" म्हणालात, ते कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं म्हणे. ते सगळ्यांना दाखवतात. मामा, तेव्हा तुमच्या हातात आइस्क्रीमची वाटी होती, तुम्ही सगळ्यांना हसवत होतात, आणि सगळ्यात मोठ्यानं हसत होता तो कंपनीचाच माणूस. मी तिथेच होते. तेवढा भाग त्या मोबाईलमध्ये नाही वाटतं.

चौकशीत नेमकं काय विचारतात? फक्त शाळेच्या कोपऱ्यावरच्या त्या एका व्हॉल्व्हबद्दल, की पाहणीबद्दलही? म्हणजे आपण दोघं अकरा दिवस फिरलो त्याबद्दल? यादीबद्दल कुणी बोललं का? सहज विचारते.

सहज नाही. पण वरचं वाक्य खोडत नाही, राहू दे.

काल उगाच जुनं आठवत बसले. दम्यामुळे मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नव्हते. आई शिवणाच्या कारखान्यात जाताना मला पंपघरामागच्या तुमच्या दोन खोल्यांत सोडायची. मुलं पाटीवर आकडे शिकतात, मी चावीच्या फेऱ्यांवर शिकले. तुम्ही ती माझ्याएवढी उंच लोखंडी चावी फिरवायचात आणि मी मोजायची. चौदा फेऱ्यांचा व्हॉल्व्ह म्हणजे रडका, कारण त्याच्या बुडातून सतत पाणी झिरपायचं. तेहतीस फेऱ्यांचा चावरा, त्यानं तुमचं बोट चेंगरलं होतं. आणि ते डावरे. साधा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो, डावरा उजवीकडे फिरवला की उघडतो. फरक एवढाच, पण वरून झाकणं सगळी सारखी. कुठल्याशा जुन्या ठेकेदारानं बसवलेले, सगळे मिळून एकोणीस. "हे कोण सांगणार नवीन माणसाला?" मी विचारायची. "मी सांगणार," तुम्ही म्हणायचात. "आणि तुम्ही नसलात तर?" "शंकाबाई, मोजा आता."

आणि फेरे संपले की तुम्ही दोनदा विचारायचात. "बंद?" "बंद." "नक्की?" "नक्की." साठ वर्षांच्या माणसालाही दोनदा विचारायचात आणि सहा वर्षांच्या मलाही.

शाळेच्या कोपऱ्यावरचा डावरा होता, हे मला माहीत आहे.

पत्र लांबलं. उत्तर पाठवा. दोन ओळी चालतील. गुडघ्याबद्दल लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
शंकाबाई


९ मार्च, रविवार

प्रिय मामा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. तीन वाक्यं. "गुडघा बरा आहे. तू आपल्या कामाकडे लक्ष दे. ह्या भानगडीत पडू नकोस." तुमचं अक्षर इतकं सरळ मी कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी पट्टी धरल्यासारखं.

तिसरं वाक्य मी पाळलं नाही. काल मी इस्पितळात जाऊन आले.

काय न्यावं कळेना. फळं नेली तर पाहुणीसारखं, काहीच नाही नेलं तर चौकशीवाल्या बाईसारखं. शेवटी बिस्किटांचे दोन पुडे नेले आणि दारापाशी पोचेपर्यंत त्यांचा चुरा झाला, इतकी मी पिशवी आवळत होते. कोण आपण असं विचारलं तर काय सांगायचं, हे बसमध्ये सात-आठ प्रकारे ठरवलं होतं. कुणी विचारलंच नाही. जोडाऱ्याच्या बायकोला वाटलं, मी त्याच्या बहिणीच्या सासरची कुणीतरी. स्टूल पुढे केलं.

तो साधारण पन्नाशीचा आहे. पाय प्लास्टरमध्ये, दोरीनं वर टांगलेला. मला म्हणाला, "बघा, इतकी वर्षं कंपन्यांची कामं केली, कुणी बढती दिली नाही. ह्यांनी पहिल्याच महिन्यात वर चढवलं." आणि पायाकडे बोट दाखवलं. बायको म्हणाली, "गप्प बसा." त्याला हसताना दुखत होतं, तरी हसला.

पलीकडच्या रिकाम्या खाटेच्या कडेवर आणखी एक माणूस बसला होता. टोपी हातात घेऊन नुसती फिरवत होता. नंतर कळलं, त्या दिवशी वर चावीवर हाच होता. आधी ट्रक चालवायचा. कंपनीनं ठेक्यावर घेतलं, तीन दिवस शिकवलं आणि चावी दिली. खात्यात तुम्ही अडतीस जण होतात, त्या जागी आता सात, आणि सातही ठेक्यावरचे. तो रोज येतो आणि रोज त्याच जागी बसतो, असं बायकोनं मला कानात सांगितलं. "आधी मी बोलत नव्हते त्याच्याशी. आता चहा देते. किती दिवस नुसतं बघायचं त्याच्याकडे?"

मी विचारलं नाही, मामा. त्यानं आपणहून सांगितलं. मला वाटतं, जो येईल त्याला तो सांगत असावा.

"खालची लाईन आम्ही बंद केली होती. हा खाली उतरला, सांधा खोलला. साहेबांचा फोन आला, वरच्या टाकीचं पाणी अडवणारा कोपऱ्यावरचा पण बंद आहे का बघून घे. झाकण उघडलं, चावी लावली, उजवीकडे फिरवली. फिरली! मी म्हटलं, बरं झालं बघितलं, हा तर उघडा होता. चार-पाच फेरे झाले आणि हा खालून ओरडला."

"पाणी वाढतंय म्हणून ओरडलो," जोडारी म्हणाला.

"मला वाटलं, अजून पुरता बंद झाला नाही म्हणून वाढतंय. मी आणखी जोरात फिरवायला लागलो. हा ओरडतोय, वाढतंय, वाढतंय. मी ओरडतोय, करतोय बंद, करतोय! सव्वीस फेरे, ताई. हात सोलले माझे."

बायकोनं माझा चुरा झालेला पुडा फोडला आणि चमच्यानं वाटला. आम्ही सगळ्यांनी तो चुरा खाल्ला.

जोडारी म्हणाला, "त्या म्हाताऱ्या चावीवाल्यानं सांगितलं नाही म्हणतात. मी पण दिल्या शिव्या त्याला. आडवा पडून दुसरं करणार काय."

तेव्हा ट्रकवाल्यानं खिशातून एक कागद काढला. घडीवर फाटलेला, भिजून सुकलेला. माझी यादी होती, मामा. शाळेच्या भागाचं पान. क्रमांक, आकार, वर्ष, स्थिती: चांगली. शेवटचा रकाना कोरा.

"मला लिहिता-वाचता येतं," तो म्हणाला. "झाकण उघडायच्या आधी मी हे वाचलं होतं. इथे एक शब्द असता ना, तर वाचला असता. लिहिलेलं मी वाचतो, ताई. न लिहिलेलं कसं वाचू?"

मी लगेच उठले. बस चुकेल म्हणाले. बस अर्ध्या तासानं होती. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि तो बाक किती वर्षांचा असेल, स्थिती काय लिहावी, हा विचार करत राहिले. सवय.

तुम्ही विचाराल, शेवटचा रकाना कोरा कसा. की विचारणार नाही?

काल रात्रीपासून पेन उचलते आणि ठेवते. पाणी प्यायला उठते, खिडकी लावते, परत उघडते. खालच्या बाईनं विचारलं, वर काय सामान हलवताय का? आज एवढंच लिहिते. आईला यातलं काही माहीत नाही. तुमच्या चौकशीचं तिला माहीत आहे, बाकीचं नाही.

तुमची,
भाची


१७ मार्च, सोमवार

मामा,

मामीचा फोन आला होता. या वेळी आवाज गोड नव्हता.

"अगं, हे चौकशीवाल्या साहेबांसमोर काय म्हणाले माहितेय? 'मी सांगायचं विसरलो.' विसरलो! आमच्या लग्नाची तारीख विसरले, मला एकदा स्टेशनवर विसरून घरी आले, तेही मान्य. पण सहाशे अकरा खड्ड्यांतला एक तरी हे विसरतील का? झोपेत फेरे मोजतात गं! साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. आता म्हणतात, पेन्शन तर जाईलच, वर पोलिसांत देतील. मी विचारलं, असं का म्हणालात? तर म्हणे, पोरीची नोकरी नवी आहे."

मी फोन धरून उभी राहिले. मामी म्हणाली, "ऐकतेस ना? पोरीचा काय संबंध? कुठल्या पोरीची नोकरी?" तिला खरंच कळलं नव्हतं. मी म्हटलं, "मामी, मी नंतर बोलते." ती म्हणाली, "तू पण?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पोस्टकार्ड लिहिताना माहीत होतं, फोन उचलत नव्हतात तेव्हाही. मी पहिल्या पत्रात "यादीबद्दल कुणी बोललं का" असं आडून आडून विचारत होते आणि तुम्ही ते वाचत होतात. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आता सरळ लिहिते.

पाहणीच्या अकरा दिवसांत तुम्ही मला प्रत्येक व्हॉल्व्हबद्दल सगळं सांगितलंत. गुडघा दुखत होता तरी प्रत्येक झाकणापाशी वाकलात. आमच्या टॅबमध्ये दिशेसाठी रकाना नव्हता, फेऱ्यांसाठीही नव्हता. म्हणून मी शेऱ्यांच्या रकान्यात लिहीत गेले. चौऱ्याण्णव शेरे. त्यांतले एकोणीस डावरे. शाळेच्या कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हला मी लिहिलं होतं: "डावरा. उजवीकडे उघडतो. कायम बंद ठेवायचा. फेरे सव्वीस." तुम्ही खांद्यावरून वाकून बघितलंत आणि "अक्षर चांगलं आहे" म्हणालात. टॅबवर सगळ्यांचं अक्षर सारखंच दिसतं, हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

आठवड्यानं यादी परत आली. चौऱ्याण्णव ओळी लाल. आमच्या वरच्या साहेबांनी बोलावलं. ते रागीट नाहीत, मामा. मला खुर्ची दिली.

"हे काय लिहिलंय?"

"सर, ते उलटे फिरतात."

"चालतात ना?"

"चालतात, पण उलटे."

"चालतात तर स्थिती चांगली. शेरा पडला की ती वस्तू आपोआप 'मध्यम'मध्ये जाते. मग खुलासा, मग फेरपाहणी, मग परत खुलासा. तीस तारखेला विक्रीची फाईल जायची आहे. शेऱ्यांचा रकाना कोरा लागतो, बाई."

"पण सर, नवीन माणसांना कळणार कसं?"

"त्यासाठी पुरवणी देऊ. वेगळी. तुम्हीच तयार करा नंतर."

मी जागेवर जाऊन शेरे काढायला लागले. एकेक काढावा लागतो. प्रत्येक वेळी टॅब विचारतो, हा शेरा नक्की काढायचा? हो दाबायचं. मी चौऱ्याण्णव वेळा हो दाबलं. पाऊण तास लागला. मध्ये एकदा उठून चेहरा धुऊन आले आणि परत बसले. कुणी माझा हात धरला नव्हता.

पुरवणी मी त्याच रात्री घरी तयार केली आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना पाठवली. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी आठवण केली. "बघतो," म्हणाले. नंतर मी विचारलं नाही. मला कायम करायचं की नाही, ते त्याच महिन्यात ठरणार होतं. हे कारण मी आजपर्यंत स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. कायम झाले. पेढे वाटल्यासारखा फोन केला होता तुम्हाला, आठवतं? तुम्ही शिट्टी वाजवली होती.

मग नोव्हेंबरमधला तो दिवस. तुमच्या स्वयंपाकघरात. हस्तांतराचा कागद टेबलावर होता. "माझ्याकडे असलेली सर्व माहिती मी दिलेली आहे", त्याखाली तुमच्या सहीची जागा. मामी भांडी विसळत होती. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "लिहिलंस ना गं सगळं?"

मी म्हटलं, "लिहिलं."

तुम्ही सही केलीत.

मामा, त्या दिवशी तुम्ही एकदाच विचारलंत. मी वाट बघत होते. आता "नक्की?" म्हणतील, तेव्हा सांगून टाकू, असं मनात धरून मी उभी होते. तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि मामीला म्हणालात, चहा टाक. तुम्हाला मला दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही. त्या गोष्टीचा मला किती दिवस आनंद झाला होता, हे लिहायलाच हवं, म्हणजे मग सगळं लिहून होईल.

सगळं खातं विकलं. लोखंड, विटा, पंप, झाकणं, सगळं कागदावर आलं आणि त्याची किंमत झाली. तुमच्या डोक्यातलं मात्र माझ्या हातून गळालं. त्याला रकाना नव्हता, आणि मी जो केला होता तो मीच पुसला. जोडाऱ्याचा पाय सरकारमुळे मोडला की कंपनीमुळे की साहेबांमुळे, यावर लोक पेपरात भांडतात. मीही मनात पुष्कळ भांडले. पण ट्रकवाल्याच्या हातातला कागद माझा होता.

परवा आगारातल्या मिस्त्रीनं सांगितलं, "हा जॅक अर्ध्यावर गेला की घसरतो बरं का, लिहून ठेवा." मी लिहिलं. आज सकाळी ओळ लाल होऊन परत आली. साहेबांनी दारातूनच सांगितलं, "तेवढं साफ करून टाका." माझं बोट खरंच तिकडे गेलं, मामा. इतकी सवय. मग मी टॅब पालथा ठेवला, पर्स घेतली आणि बाहेर पडले.

तिथून सरळ चौकशीच्या कचेरीत गेले. वरचं जे काही तुम्हाला लिहिलं तेच तिथे लिहून दिलं, जरा कोरड्या भाषेत. सही केली, तारीख टाकली, पोच घेतली. यादीची पहिली प्रत आमच्या कंपनीच्या संगणकात तारखेसह शिल्लक असते, ती मागवा, असंही लिहिलं. तिच्यात चौऱ्याण्णव शेरे जसेच्या तसे आहेत. कारकुनानं वाचून विचारलं, "तुम्हाला हे द्यायलाच हवंय का? तुमच्यावर कुणी काही म्हटलेलं नाही." मी म्हटलं, हवंय. त्यानं शिक्का मारला.

तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही अडवलं असतं आणि मी अडले असते. साहेबांना उद्या कळेल. नोकरी राहणार नाही, पुढे आणखी काय होईल ते माहीत नाही. घाबरले आहे. इस्पितळात पुन्हा जायचं आहे, या वेळी मी कोण ते सांगून. ते अजून जमलेलं नाही. आईला मात्र संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "दादाला तू लिही. मला त्याच्याशी बोलवणार नाही." म्हणून लिहिते आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं.

गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे. मलाही बोलावलं आहे. चौकशीवाले साहेब आधी तुम्हाला विचारतील, पाहणीच्या वेळी कुणाला सांगितलं होतं का. तुम्ही पुन्हा "विसरलो" म्हणालात, तर माझा कागद म्हणजे मामाला वाचवायला भाचीनं रचलेली गोष्ट ठरेल. तुमची पेन्शन जाईल, आणि ते एकोणीस व्हॉल्व्ह कुणी तपासणार नाही. आता सगळं तुमच्या एका उत्तरावर आहे. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात हे मी जन्मभर धरून ठेवीन, पण ते परत घ्या.

म्हणायचं एवढंच: "भाचीला सांगितलं होतं. तिनं लिहिलं होतं." पुढचं मी सांगेन. माझ्याकडे बघून म्हणवत नसेल तर खिडकीकडे बघून म्हणा. नंतर बाहेर माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, मी वेगळ्या बसनं जाईन. फक्त त्या खोलीत, सगळ्यांसमोर, माझ्यावर बोट ठेवा.

तुमची भाची,
जिला तुम्ही सगळं सांगितलं होतं